वकिलाची बॅग आणि सह्याद्रीचा हिरडा

साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात कागदाचे घर कापडाचे होते. चिटणिसाने मसुदा सिद्ध करावा, त्यावर मोहर उठावी, बारनिशी व्हावी आणि मग तो कागद आपल्याच प्रकरणातील इतर कागदांच्या संगतीने खारव्याच्या चौकोनी फडक्यात बांधला जाऊन फडताळात विसावावा, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांची मोजदाद आजही रुमालांवरूनच होते व ती संख्या 34,000 च्या वर जाते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो वाईस हाती आलेल्या कागदांवरून, आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस अध्यापन करता करता पटवर्धनी दफ्तर वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले, ही सारी विद्या रुमालांच्या गाठी सोडूनच उभी राहिली.

चामडे या प्रांतात अपरिचित होते, म्हणून ते कागदापर्यंत पोहोचले नाही असे मात्र नव्हे. कृष्णा-वारणेच्या काठचे बागायत मोटेवर पिके आणि मोट चामड्याची असे. पाणक्याची पखाल, तेलाचा बुधला, घोड्याचे जीन, तलवारीचे म्यान, जुवाची वादी, कीर्तनातला मृदंग, यांवाचून ना शेत चालले असते, ना लष्कर, ना देऊळ. बलुतेदारीत चांभाराचे स्थान पक्के होते ते याच कारणाने. परंतु ज्या समाजात लिहिण्याचा अधिकार बहुतांशी सोवळे पाळणाऱ्या हातांत एकवटला होता, त्या समाजात पोथीचे बासन काय किंवा दफ्तराचा रुमाल काय, कापडाचाच असणे क्रमप्राप्त होते. संस्थानिकांस जाणारा खलिता रेशमी किंवा किनखापी थैलीतून जाई. मृगाजिनावर बसून जप करणाऱ्यास म्हशीच्या कातड्याचा विटाळ व्हावा, ही विसंगती त्या काळी कोणाला खुपली असेल असे वाटत नाही.

कागद जोवर एका जागी राहत होता तोवर रुमाल पुरेसा होता. फडणिसाचा कागद फडातच राही. ज्याला तो पाहावयाचा असेल त्याने तेथे यावे, अर्ज करावा आणि हुजूरच्या आज्ञेची वाट पाहावी. कागद घराबाहेर पडून परमुलखात हिंडू लागला तो राज्य गेल्यावर. 1839 साली प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले, आणि त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले ते 1853 पर्यंत लंडनातच ठाण मांडून बसले. दरम्यान 1847 साली महाराज काशीस निवर्तले आणि 1848 साली डलहौसीने राज्य खालसा केले, तरी या स्वामिनिष्ठ पुरुषाची अर्ज-विनंत्यांची लढाई थांबली नाही. साताऱ्याचा वकील कागद बरोबर घेऊन साता समुद्रांपलीकडे जातो, ही घटना मला या इतिहासाचा आरंभ वाटते. पुढे 1908 साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा अपिलाच्या कामी इंग्लंडला गेलेले दादासाहेब करंदीकर हेही साताऱ्याचेच वकील होते. या दोन वकिलांच्या मधल्या साठ-सत्तर वर्षांत कागदाचे वाहन बदलून गेले.

ते बदलण्याची कारणे कोर्टकचेरीत आहेत. 1852 च्या इनाम कमिशनच्या कायद्याने दख्खनच्या इनामदारांना आपापल्या सनदा काढून रुजू करणे भाग पडले, आणि आजवर देवघराशेजारच्या पेटाऱ्यात निजलेले कागद एकाएकी चालू लागले. त्यानंतर 1875 साली पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी सावकारांची खते जाळली, सरकारने चौकशी केली, आणि तिच्या पोटी 1879 चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत पुणे, नगर, सोलापूर यांच्याबरोबर सातारा होता. या कायद्याने मुनसफास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. याचा अर्थ असा, की साध्या शंभर रुपयांच्या दाव्यातही जुनी खते, हप्त्यांच्या पावत्या, सावकाराच्या खतावणीचे उतारे, कुलकर्ण्याकडील नकला असा सारा पसारा कोर्टापुढे यावा. तासगाव, वाळवा, खानापूर हे आज सांगलीकडे मोडणारे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. तेथील पक्षकार आपली प्रकरणे घेऊन जिल्ह्याच्या कोर्टात येऊ लागला, आणि त्याचे कागद वाहण्याचे काम वकिलाच्या हाती आले.

त्यातच रेल्वे आली. पुण्याहून निघून साताऱ्याजवळून, कऱ्हाडजवळून, मिरजेवरून लोंढ्याकडे जाणारा मार्ग 1890 पर्यंत पुरा झाला. गाडी साताऱ्याच्या गावात शिरलीच नाही; ‘सातारा रोड’ नावाचे स्टेशन शहरापासून कोसांवर, कोरेगावच्या बाजूस राहिले. म्हणजे वकिलाने टांग्यातून स्टेशन गाठावे, डब्यात रात्र काढावी, मिरजेस उतरून सांगली संस्थानच्या न्यायाधीशापुढे उभे राहावे, आणि या सर्व प्रवासात वळवाच्या सरीपासून, धुळीपासून, इंजिनच्या कोळशापासून लोकांच्या इस्टेटीचे दस्तऐवज कोरडे व सरळ ठेवावेत. खारव्याच्या रुमालास हे जमणारे नव्हते. लोखंडी चौकटीच्या तोंडाची, पितळी कुलपाची, चामड्याची बॅग सातारा-सांगलीच्या वकिलाने उचलली ती साहेबाची नक्कल करण्याच्या हौसेने, असे कोणी म्हणतात. माझे मत तसे नाही. हौस असेलही, पण ती गरजेच्या मागून आलेली होती. हीच बॅग मिरजेस डॉक्टर वानलेस यांच्या इस्पितळाच्या परिसरात वैद्यकीची खूण झाली, पुढे सांगलीच्या हळद-गुळाच्या पेठेत दलालाच्या व विमा एजंटाच्या हाती आली.

या बॅगा प्रथम विलायतेहून मुंबईमार्गे येत, नंतर कानपूरच्या कारखान्यांतूनही येऊ लागल्या. पण वस्तू परकी असली तरी तिची मुख्य शिवण येथील हातांना परकी नव्हती. एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जाव्यात व प्रत्येक टाका दोन्ही बाजूंनी आवळला जावा, अशी ही जिनाची शिवण. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. जिनगरांनी मराठी फौजेच्या घोड्यांची खोगिरे शिवण्यात पिढ्या घालविल्या होत्या. शस्त्रे घासणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी राजेशाही ओसरल्यावर तंबोरे घडवायला घेतले आणि त्या गावाचे नाव हिंदुस्थानभर केले, हे सर्वश्रुत आहे. खोगीर शिवणाऱ्या हाताला बॅगेची मूठ बसवावी लागली, या स्थित्यंतराची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही.

आता चामड्याकडे येतो, कारण या विषयाचे मर्म तेथे आहे. आपल्याकडचे जुने कमावलेले कातडे म्हणजे हिरडा आणि बाभळीची साल. ढोर समाजाचे कारागीर कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवून त्यावरचे केस व आतले मांस काढीत, मग ते धुऊन हिरड्याच्या भरडीत व सालीच्या काढ्यात ठेवीत. पुढे त्याचीच शिवून पिशवी करीत, तिच्यात साल व काढा भरून ती टांगून ठेवीत, काढा झिरपून खाली आला की पुन्हा वरून ओतीत, आणि पिशवी उलटी करून हाच विधी दुसऱ्या टोकाने करीत. तुरटपणा कातड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यास आठवडे लागत. जो हिरडा या कामी लागे तो महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरांत आपसूक वाढतो. एकोणिसाव्या शतकात हाच सह्याद्रीचा हिरडा गोण्या भरभरून इंग्लंडच्या चर्मालयांकडे जाऊ लागला. तेथील बाजारात त्याच्या एका प्रतीस वेंगुर्ल्याच्या बंदराचे नाव पडले होते. तेव्हा साताऱ्याच्या वकिलाने मुंबईच्या दुकानात विलायती म्हणून विकत घेतलेल्या बॅगेच्या कातड्यात त्याच्याच जिल्ह्याचा हिरडा मुरलेला असावा, हा संभव मुळीच दूरचा नाही. सह्याद्रीचे फळ समुद्रापार जाऊन चामड्यात शिरून परत येई, आणि त्या चामड्यात आमच्या शेतकऱ्यांचे सातबारा फिरत.

ज्या हातांनी हे कातडे सोलले आणि कमावले, त्या हातांना मात्र त्या कचेरीची ओसरी बंद होती. मृत जनावरे ओढून नेण्याचे काम गावाने महारांवर लादले होते, कमावण्याचे ढोरांवर, शिवण्याचे चांभारांवर, आणि तयार वस्तू घेऊन मिरविण्याचे काम वरच्यांनी स्वतःकडे ठेवले होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी याच साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका सुभेदाराच्या मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा पुढे बॅरिस्टर होऊन न्यायासनासमोर उभा राहिला, आणि 1927 साली महाडच्या परिषदेतून त्याने आपल्या बांधवांना मेलेली ढोरे ओढणे सोडून देण्यास सांगितले. डॉक्टर आंबेडकरांच्या या सांगण्यामागचे दुःख ध्यानात न घेता जुन्या चामड्याच्या वस्तूंचे नुसते कौतुक करणे मला अप्रशस्त वाटते. जुनी बॅग हाती घेणाऱ्याने तिच्या मालकाच्या आद्याक्षरांइतकाच तिच्या शिवणीचाही मान ठेवावा.

या धंद्याची उतरण दोन बाजूंनी झाली. चामड्याचे मोठे स्थानिक गिऱ्हाईक म्हणजे मोट. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने आणि तिच्यासारख्या इतर कारखान्यांनी पुढे पंप गावोगाव नेले, विहिरीवर इंजिने आली आणि मोट गेली. शेतकऱ्याच्या सुखाची ही गोष्ट ढोराच्या कुंडीला मारक ठरली. दुसरीकडे क्रोमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची रीत हिंदुस्थानात मद्रासकडे 1903 च्या सुमारास सुरू होऊन हळूहळू सर्वत्र पसरली. जे काम साल आणि हिरडा आठवडेच्या आठवडे करीत, ते ती फार थोड्या अवधीत उरकते. 1949 साली संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, 1960 साली त्याचे नाव सांगली पडले, कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, बॅगा हातोहाती झाल्या. पण त्या बहुतेक रेक्झिनच्या, आणि 1970 नंतर नाशिकच्या कारखान्यातून येणाऱ्या कडक प्लॅस्टिकच्या. कातडी बॅग माळ्यावर गेली.

माळ्यावरून वा जुन्या बाजारातून अशी बॅग पुन्हा नित्याच्या वापरात आणू पाहणाऱ्याने पहिली परीक्षा करावी ती कापलेल्या कडेची. झाकणाच्या आतल्या बाजूस, जेथे पॉलिश पोहोचलेले नसते, तेथे कड नखाने उघडून पाहावी. गाभ्यापर्यंत एकसारखा तपकिरी रंग आणि लोकरीसारखे तंतू दिसले तर ते साल-हिरड्याचे चामडे. मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचे. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन, आणि मग पुढे बोलणेच नको. दुसरी परीक्षा पांढऱ्या फडक्याची. ते बॅगेच्या घडीवर व मुठीखाली हलके फिरवावे. त्यावर विटकरी भुकटी आली तर ते चामडे आतून कुजले आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने 1905 सालच्या अहवालात ग्रंथबांधणीच्या चामड्याच्या या रोगाची मीमांसा केली आहे: गंधकयुक्त हवेने काही सालींचे चामडे आम्ल होऊन भुकटी होते, आणि सुमाकसारख्या निराळ्या जातीच्या तुरटाचे चामडे टिकते. बाभळीची व तरवडाची साल पहिल्या, तक्रारीच्या वर्गात मोडते. हिरडा दुसऱ्या, टिकाऊ वर्गात. आमच्या कारागिरांनी दोन्ही एकत्र वापरल्यामुळे प्रत्येक बॅगेचे नशीब निराळे असते, आणि म्हणूनच ऐकीव नावाला न भुलता फडके फिरवून पाहावे. भुकटी झालेल्या बॅगेस तेल पाजणे व्यर्थ आहे. ती घट्ट करणारी रसायने ग्रंथालयांत वापरतात, पण तशी बॅग कपाटात ठेवावी, खांद्याला लावू नये.

माझ्यासमोर या क्षणी असलेली बॅग तशी भाग्यवान आहे. सोळा-सतरा इंच रुंद, वर पालथे झाकण, दोन पट्टे, मधले पितळी कुलूप किल्लीवाचून उघडे राहिलेले; मुठीच्या पोटात वळलेल्या चामड्याची वळी आहे आणि तिच्यावरचे आवरण तळहाताच्या घासणीने काळे व गुळगुळीत झाले आहे. पट्ट्याच्या बुंध्याशी, जेथे पितळेची कडी चामड्यात रुतली आहे, तेथे हिरवट मेणासारखा थर साचला आहे. हा चामड्यातल्या चरबीचा आणि तांब्याचा संयोग. तो लाकडी काडीने कोरडाच खरवडून काढावा. आपल्या घरांत पितळ म्हटले की हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो, पण ते आम्ल चामड्यात उतरले की कडीभोवतालचा भाग ठिसूळ होतो, हे ध्यानात धरावे.

शिवण उसवली असेल तर काम चर्मकाराकडेच न्यावे, आणि त्याच्यापुढे बसून सांगावे: “मामा, मशीन नको, जुन्याच भोकांतून हाताने शिवा.” मशीनची सुई जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोके पाडते, आणि जुने चामडे मग टपालाच्या तिकिटासारखे त्या रेघेवर फाटते. सुती दोऱ्याऐवजी मेण लावलेला तागाचा दोरा मिळाल्यास उत्तम. रापीने कड सारखी करण्याचा मोह कारागिरास होतो. त्यालाही आवर घालावा, कारण जुन्या बॅगेत कापून टाकण्याजोगे चामडे नसते. या हातशिलाईला वेळ लागतो आणि तिचे मोल मागितले तेवढे द्यावे. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या आठ जिल्ह्यांच्या नावे झाले त्यांत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत. म्हणजे साल-हिरड्याचे चामडे ओळखणारा आणि ते हाताने शिवणारा माणूस आपल्याच गावच्या पेठेत सापडणे अजून अशक्य झालेले नाही.

तेलाविषयी आमच्याकडे फार गैरसमज आहेत. करडईचे व जवसाचे तेल हवेने सुकून चिकट किंवा कडक होते, म्हणून वर्ज्य. खोबरेल थिजते, मार्गशीर्षात साताऱ्याची थंडी पडली की चामड्यावर पांढुरका थर येतो आणि माणूस त्याला बुरशी समजून घाबरतो. जुने लोक एरंडेल वापरीत; ते सुकत नाही, परंतु दाट असल्याने अगदी थोडे, फडक्याला पुसट लावून, आणि दोन दिवसांनी अंदाज घेऊनच पुन्हा द्यावे. आधी कोरड्या मऊ ब्रशाने धूळ काढावी, नंतर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावे, सावलीत पूर्ण वाळू द्यावे, आणि मगच तेल. भिजलेली बॅग उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की कातडे आखडते आणि ते पूर्ववत होत नाही.

आषाढ-श्रावणात महाबळेश्वराकडून येणारी ओल साताऱ्याच्या घरांत भिंतींतून पाझरते. सांगलीत पुराची भीती असते ती निराळीच. या दिवसांत बॅग रिकामी करून, झाकण उघडे टाकून, वारा खेळेल अशा जागी टांगावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नये. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशाने झटकावी. नित्य वापर हाच खरा तर तिच्यावरचा उत्तम उपाय आहे, आणि त्याला आकाराची अडचण येत नाही: या बॅगा फुलस्केप कागदासाठी, म्हणजे साडेतेरा इंच लांबीच्या दस्तऐवजासाठी बेतलेल्या असल्याने आजचा मध्यम आकाराचा लॅपटॉप त्यांत सहज बसतो. तो जाड कापडाच्या खोळीत घालून मागच्या कप्प्यात ठेवावा, चार्जर पुढच्या कप्प्यात तळाशी घालावा, आणि भार मुठीपेक्षा दोन्ही पट्ट्यांवर येईल असे पाहावे. कुलपाची किल्ली करवून घेण्याचा खर्च मात्र ज्याच्या बॅगेत आजही कोणाचे तरी वकालतनामे असतात त्यानेच करावा.